त्याच्याहून मोठा पंखा

“भाऊजींना एकदा दाखवू या का?” डोक्याला फडकं आवळून बायको ओट्याला टेकली होती.

थोरल्याचा ब्रश हीटरच्या बर्नरवरच थांबला. अर्ध्या वस्तीचे पाणी तापवायचे गॅस हीटर त्याच्या हाताखालून गेलेले, आणि त्याच्याच स्वयंपाकघरात हे ऐकायचं!

“का? मी मेलो का?”

“काहीतरीच बोलू नका. रोज डोकं ठणकतं. काल तर भोवळ आली. तुम्ही साफ केलं की ज्योत निळी असते, मी स्वयंपाकाला लागले की परत पिवळी.”

“तुझ्या डोळ्यांतच पिवळं आहे.”

दोघा भावांना बापाने एकच कसोटी शिकवली होती. काडी पेटवायची, विझवायची आणि तिचा धूर हीटरच्या वर, धुराच्या पाइपाच्या तोंडाशी धरायचा. आत ओढला गेला तर बरं. उलटा आला तर जळलेली विषारी हवा घरात शिरतेय. विद्या एक, बाप एक, तरी लोक म्हणायचे, “धाकट्याला पाठवा.” धाकटा हसून बोलायचा, म्हाताऱ्यांची विचारपूस करायचा. थोरल्याच्या मनात ते हसू कुसळासारखं रुतून बसलं होतं. दिसत नव्हतं, निघतही नव्हतं.

धाकट्याचं घर गल्लीपलीकडे, अगदी समोर. मध्यंतरी त्याने बायकोसाठी स्वयंपाकघरात वाफ बाहेर फेकणारा पंखा बसवला. लगेच थोरल्यानेही भिंत फोडली आणि त्याहून मोठा बसवला. “जाऊबाईंच्या पंख्यासारखे दोन मावतील यात,” तो म्हणाला तेव्हा बायको खुदकन हसली होती. त्या हसण्यावर तो कितीतरी दिवस तरंगत होता.

पंख्याखालची खिडकी धाकटा कायम वीतभर उघडी ठेवायचा. “गल्लीला संसार दाखवतोय,” थोरला पुटपुटायचा आणि आपली खिडकी घट्ट लावून घ्यायचा. हीटर साफ करायचा तेवढ्यापुरती उजेडासाठी उघडायची, पंखा बंद करायचा. कसोटीही तेव्हाच व्हायची. धूर मुकाट आत जायचा.

बायकोने शेवटी खिडकीतून हाक मारलीच. धाकटा ओल्या हातांनीच आला.

“वहिनी, काय हा चेहरा! दादा, मी बघू का?”

“बघ बाबा. तुझ्या पायगुणानेच पेटेल.”

धाकट्याने ते गिळलं. “वहिनी, तुम्ही रोज करता तसंच सगळं करा बरं.”

तिने खिडकी लावली, पंखा चालू केला, हीटर पेटवला, शेगडीवर पातेलं चढवलं. धाकट्याने विझलेली काडी पाइपाच्या तोंडाशी धरली. धूर क्षणभर थरथरला आणि वळून दोघा भावांच्या तोंडावर आला. खाली ज्योत पिवळी झाली, जिभा काढू लागली.

धाकट्याने पंख्याकडे पाहिलं. मग दादाकडे. थोरल्याला सांगावं लागलं नाही. पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता, बंद घर श्वासासाठी तडफडत होतं, आणि हवा आत यायला वाट एकच उरली होती, धुराच्या पाइपाची.

धाकट्याने चटकन पंखा बंद केला, खिडकी उघडली. “पाइपात पाखराने घरटं केलंय वाटतं, वहिनी. दादा काढेल.”

किती सहज, किती गोड खोटं! थोरल्याला ते चटक्यासारखं लागलं. पोटात घालणंही यालाच जमावं!

“घरटं नाही,” तो म्हणाला. “पंखा आहे. विष तोच आत ओढतोय. मी बसवलेला.”

“पण तो तर तुम्ही माझ्यासाठी...”

“तुझ्यासाठी नव्हता.” त्याने गल्लीपलीकडे बोट केलं. “त्या भिंतीसाठी होता.”

त्याने स्टूल पंख्याखाली ओढलं.

“दादा, खिडकी उघडी ठेवली की झालं. काढायला कशाला हवा?” धाकटा हळूच म्हणाला. पण थोरला स्टुलावर चढला होता. त्याने एकेक स्क्रू सोडवला, पंखा लेकरासारखा कडेवर घेऊन उतरला आणि कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून ठेवला. धाकटा कधी निघून गेला, कुणाला कळलं नाही.

थोरल्याने नवी काडी पेटवली, विझवली. धूर सरळ पाइपात गेला. ज्योत निळी, मुकी, एका जागी.

भिंतीतल्या गोल भोकातून समोरचा पंखा दिसत होता, आणि त्याखाली ती वीतभर उघडी खिडकी.

बायको भोकाखाली येऊन बसली. फडकं सोडून तिने वाऱ्याला कपाळ दिलं.

“केवढं मोठं भोक पाडलंत हो!”

“हो,” थोरला म्हणाला. “त्याच्याहून मोठं.”