कळविण्यात येते की

हेमांगीने एंटर दाबलं आणि पडद्यावर इंग्रजी ओळींची झुंबड उडाली. एक वाचावी तोवर ती वर निघून जायची. मटारच्या शेंगांचं ताट घेऊन मुद्दाम दाराशीच बसलेल्या सासूबाईंना, मंदाकिनीबाईंना, राहवेना. तसं त्यांना कधीच राहवत नसे.

"काय पळतंय गं ते?"

"कुलूप तयार होतंय, आई. माझ्या फायलींचं."

"घरी करायचं? तयार मिळत नाही?"

"मिळतं की. तेही फुकट."

"मग?"

उत्तर टेबलावरच्या मोबाइलमधून आलं. हेमांगीच्या संस्थेतले कॉम्प्युटर सांभाळणारा धम्मपाल वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून तिला एकेक पायरी सांगत होता.

"काकू, तयार कुलूप देणाऱ्याने एक किल्ली स्वतःकडे ठेवलेली असली तर? म्हणून याची कृतीच सगळ्यांसमोर उघडी ठेवलीय. कोणीपण वाचा, तपासा, आपल्या मशीनवर आपलं बनवा."

"म्हणजे कुलूप कसं बनवलं ते चोरालाही ठाऊक?"

"हो ना. तरी त्याला उघडत नाय. तीच तर मजा आहे."

बाईंना हे भलतंच आवडलं. सोललेली शेंग हातात तशीच राहिली. मग हे कुलूप कशापायी चाललंय ते त्यांना आठवलं आणि त्यांनी मान खाली घातली.

हेमांगी बायकांसाठीच्या हेल्पलाइनवर काम करायची. ऐकलेलं सगळं ती घरच्याच कॉम्प्युटरवर टिपून ठेवी. त्याच कॉम्प्युटरवर मंदाकिनीबाई सोसायटीच्या नोटिसा टाइप करत. गेल्या महिन्यात नोटीस शोधताना त्यांच्या हातून दुसरीच फाइल उघडली, आणि उघडली ती त्यांनी शेवटपर्यंत वाचली. ती मागच्या इमारतीतल्या पायलची होती. दोन दिवसांनी कोपर स्टेशनबाहेर भाजी घेताना पायल दिसली, तेव्हा बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवून अगदी मायेने विचारलं, "आता मारत नाही ना गं तो?"

त्यानंतर पायलने हेमांगीचा फोन उचलला नव्हता. ती त्या घरात कशी आहे, हे आता कुणालाच कळत नव्हतं. हेमांगी सासूला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

ओळी थांबल्या.

"झालं, ताई. आता किल्ली," धम्मपाल म्हणाला. "ती बनत असताना कीबोर्डवर काहीपण बडवत राहा. तिला वेडंवाकडं काहीतरी लागतं, कोणाला अंदाज येणार नाय असं. मी ठेवतो, मीटिंग आहे."

हेमांगीने किल्ली बनवायचा हुकूम दिला आणि एक कोरं पान उघडलं. क्षणभर थांबून तिने खुर्ची मागे सरकवली.

"आई, तुम्ही करता टाइप?"

"मी?"

"तुमच्याइतका हात या घरात कुणाचा चालतो?"

बाईंनी पदराला हात पुसले. सारी नोकरी त्यांनी एका कारखान्याच्या कचेरीत मराठी टंकलेखिका म्हणून केली होती. त्या ताठ बसल्या.

"काय टाइप करू?"

"काहीही. अर्थ नसला तर उत्तमच."

बोटं आपसूक धावली. पडद्यावर उमटलं: महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की

हेमांगीला हसू फुटलं, महिन्याभरात पहिल्यांदा. "आई, वेडंवाकडं!"

"हाताला तसलं वळणच नाही गं," बाई म्हणाल्या. त्याही हसल्या, पण बोटं त्या 'की'वरच थबकली होती. "हे कोण वाचणार?"

"कुणी नाही. मशीनही नाही, त्याला फक्त तुमच्या बोटांची गडबड हवी. काम झालं की हे पान पुसून टाकायचं."

"नक्की?"

"नक्की."

बाई त्या 'की'कडे बघत राहिल्या. मग त्यांनी टाइप करायला सुरुवात केली.

पानामागच्या काळ्या चौकोनात, जिथे मघाशी ओळी पळत होत्या, तेवढ्यात एक ओळ उमटली. किल्ली तयार झाली होती, तिला काही वेळच लागला नव्हता. हेमांगी सांगायला पुढे झाली आणि तिने सासूचा चेहरा पाहिला. बाई पडद्याजवळ झुकल्या होत्या, ओठ हलत होते. ते कचेरीतलं पत्र नक्कीच नव्हतं. हेमांगीने शेंगांचं ताट उचललं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

बाहेरून बटणांचा आवाज येत राहिला. मध्येच थांबे, नाक शिंकरल्याचं ऐकू येई, पुन्हा सुरू होई. दुपारची झोप मोडलेले सासरे, सुधीरराव, दारात येऊन विचारू लागले, "काय चाललंय काय?"

"बाबा, आई किल्ली बनवताहेत," हेमांगी म्हणाली आणि तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

मटार सोलून संपले, भाजी फोडणीला पडली, तेव्हा कुठे हाक आली. "झालं गं."

बाई उठून गॅलरीत पाठमोऱ्या उभ्या होत्या. हेमांगी पडद्यासमोर बसली आणि तिने चटकन नजर उजव्या कडेला नेली. पान लांबेल तशी आखडणारी तिथली सरकपट्टी मुगाच्या दाण्याएवढी झाली होती. एवढं लिहिलं तरी काय? कुणाबद्दल? बाबांबद्दल, की आपल्याबद्दल? तिला विलक्षण उत्सुकता वाटली. नजर जराशी डावीकडे वळवायची खोटी होती, कुणाला कळलंही नसतं. तिने पान बंद केलं. जतन करायचं का, असं मशीनने विचारलं. तिने 'नको'वर बोट दाबलं.

"पुसलंस?" बाईंनी गॅलरीतूनच विचारलं.

"पुसलं."

"वाचलंस?"

"नाही."

बाई वळल्या आणि सुनेचं तोंड निरखून पाहू लागल्या. तिच्यावर विश्वास बसला तेव्हा त्यांना फार हलकं वाटलं, आणि नवलही.

"राहवलं कसं गं तुला?"

"राहवत नव्हतंच."

बाई आत आल्या. टेबलावरचा मोबाइल उचलून त्यांनी हेमांगीच्या हातात दिला.

"पायलला लाव. या वेळी ती ऑफिसात असते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. तेही त्यांनी त्या फायलीतच वाचलं होतं. "आज उचलला नाही तर उद्या लाव. म्हणावं, कुलूप पक्कं आहे. सासूने आपलं गुपित ठेवून बघितलंय."