पिकअपचा ताप

पेठच्या नाक्यावर पिकअपने पुन्हा वाफ सोडली, तेव्हा नाथाजीने तिला अशी शिवी हासडली की शेजारच्या चहावाल्यानेही मान खाली घातली. मागे हळदीची पोती, पुढे सांगलीचा बाजार आणि मध्येच ही म्हातारी रुसून बसलेली. बॉनेट उघडताच सल्लागारांची जत्रा भरली. एक म्हणाला, गॅस्केट गेलं. दुसरा म्हणाला, पंप. सायकलवरचा एक जण तर खाली न उतरताच म्हणाला, "भंगारात घाला, पावनं." ज्याच्या दारात गाडी नसते, त्याला गाडीतलं सगळं कळतं.

गॅस्केट बदलून झालं होतं. पंपही नवा बसवला होता. तरी ताप उतरेना. घोडं कुठं पेंड खातंय, ते कुणालाच सापडत नव्हतं. शेवटी हळद दुसऱ्याच्या ट्रकने सांगलीला गेली आणि पिकअप दोर बांधून कराडला मोहिद्दीनच्या गॅरेजात आली. नाथाजीला दोन्हींची सारखीच लाज वाटली.

नाथाजी सैन्यात ड्रायव्हर होता. सगळी नोकरी साहेबांच्या जीपचं दार उघडण्यात गेली. एकाहत्तरच्या लढाईनंतर हवालदार म्हणून घरी आला, तो लष्कराने लिलावात काढलेली ही जुनी पिकअप घेऊनच. चावडीसमोर गाडी थांबवून त्याने चारचौघांत सांगितलं होतं की आता दुसऱ्याच्या गाडीचं दार उघडणार नाही. गाव बाकी सगळं विसरतं, असलं काही विसरत नाही. आणि आता साखर कारखान्याचे संचालक आप्पासो यांना मोटारीवर ड्रायव्हर हवा होता. त्यांनी रविवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. पिकअप गेली तर दुसरा मार्ग नव्हता.

"इंजिन खाली घ्यावं लागंल, नाथाजीराव," मोहिद्दीन म्हणाला. "एवढं करून बी चालंल का न्हाई, मी सांगत न्हाई."

सोबत आलेला थोरला भाऊ लालासाहेब लगेच म्हणाला, "नाथा, मेलेल्या म्हशीला खुराक घालू नगंस. आप्पासोंच्या मोटारीची गादी लय मऊ हाय."

"मऊ हाय ती मागची," नाथाजी म्हणाला. "मोहिद्दीन, उतरव इंजिन."

यात शहाणपण कमी आणि भावावरचा राग जास्त होता.

इंजिन काढायचं तर आधी रेडिएटर काढावा लागतो. मोहिद्दीनने खाली बादली धरून पाइप सोडला. पाणी आलंच नाही. तार घालून ढोसलं, तेव्हा पिवळाजर्द गाळ लपकन बादलीत पडला. त्याने बोट बुडवून वास घेतला.

"हळद. गळती थांबवाय चिमूटभर टाकत्यात, ते ठावं हाय. हितं तर अख्ख्या वऱ्हाडाची हळद कालवलीया. पानी फिरलंच न्हाई, मग इंजिन भाजंल न्हाई तर काय हुईल?"

नाथाजी बादलीकडे बघतच राहिला. वर्षामागे बायकोला, अंबूबाईला घेऊन पालच्या खंडोबाच्या जत्रेहून येताना रेडिएटर गळायला लागला होता. तेव्हा त्याने मूठभर हळद टाकली होती, पण एकदाच. बाकीची कुणाची करणी? पहिला संशय लालासाहेबावरच गेला. पण हळद घरातून जाते आणि घर बायकोच्या हातात असतं. एसटीत हे डोक्यात आलं आणि गाव येईपर्यंत तो नुसता धुमसत होता.

अंबूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"गाडीत हळद कोन टाकतं?"

"हळद न्हवं, भंडारा," ती सरळ म्हणाली. "मी टाकते. दर ऐतवारी."

"कुनी सांगितलं तुला?"

"तुमीच की. पालहून येताना मी इचारलं, ह्यात काय टाकलं? तुमी म्हनला, खंडोबाचा भंडारा, आता गाडीला काय हुयाचं न्हाई."

म्हणाला होता खरं, हसत हसत. बायकोला रेडिएटर समजावून सांगायचा कंटाळा, दुसरं काय?

"आवं, तुमाला उशीर झाला की माझा डोळा लागत न्हाई. भंडारा टाकला आसला की लागतो."

"आन गाडी तापाय लागली तवा?"

"तवा दोन मुठी टाकाय लागले."

नाथाजीच्या तोंडात शिव्या गोळा झाल्या होत्या. त्या कुणाला द्यायच्या, हेच त्याला कळेना. तो घरामागच्या परड्यात जाऊन उगाच लाकडं फोडत बसला. चूक दुसऱ्याची असती तर बरं झालं असतं.

मोहिद्दीनने पुढे सगळं इंजिन उघडून बघितलं आणि सांगितलं की रेडिएटर साफ होईल, हेड घासून घेता येईल, पण एक पिस्टन ओरखडलाय. गाडी चालेल, पहिल्यासारखा चढ चढणार नाही.

रविवारी नाथाजी आप्पासोंच्या बंगल्यावर गेला. होच म्हणायचं ठरवून गेला होता. आप्पासो बाहेर आले, मोटारीपाशी थांबले आणि त्याच्याकडे बघितलं. नाथाजीचा हात आपसूक दाराच्या मुठीकडे गेला. इतक्या वर्षांची सवय. त्याने तो हात मागे घेऊन धोतराला पुसला.

"आप्पासो, दुसरा मानूस बघा. माझी गाडी दुरुस्तीला हाय."

पिकअप गॅरेजातून आली, तीही धूर ओकत. पुढच्या ऐतवारी पोती भरून झाली, तेव्हा अंबूबाई मूठ मिटून अंगणात उभी होती. पुढे यावं की नाही, तिला कळत नव्हतं.

"वर टाक," नाथाजी बॉनेट आपटून म्हणाला. "आत न्हाई. वर."

तिने भंडारा उधळला.

"आन घरात जागत बसू नगंस. चल सांगलीला."

पलीकडचं दार जाम झालं होतं. नाथाजीने त्यालाही एक शिवी हासडली, हिसका दिला आणि ते तिच्यासाठी उघडून धरलं.