डांबराच्या गोळ्यांचा वास

आमच्या ह्यांना एवढी काळजी घ्यायला सांगितली होती कुणी?

भट्टीवाल्या बाई आमच्यासारख्या छोट्या बागवाल्यांची कॉफी पारखून घेतात, स्वतः भाजतात आणि विकतात. त्यांनी आमच्या नमुन्याची कॉफी चमच्याने फुर्रकन ओढली आणि थुंकली. चव बघताना थुंकतातच म्हणे, पण असं तोंड कुणी करत नाही.

"फवारणीचं औषध उतरलंय यात," त्या म्हणाल्या. "असा माल मी नाही घेणार."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. यंदा पहिल्यांदाच आम्ही फक्त लाल पिकलेली फळं वेचली होती, उंच जाळ्यांवर पसरून वाळवली होती. एरवी आमचा माल व्यापाऱ्याच्या ढिगात जायचा. यंदा बाईंनी घेतला तर बाग ठेवायची, नाहीतर झाडं उपटून ह्यांनी शहरात चुलतभावाच्या गोदामावर राखणीला जायचं, असं ह्यांनी जाहीर केलं होतं. आणि हे बोलले की करतात, तोच तर वैताग आहे.

"चल," हे उठले. "नशिबातच नाही आपल्या."

"बसा खाली! औषध मारलंच नाही, तर उतरेल कुठून?" मी नमुन्याची कापडी पिशवी ओढली आणि नाक आत घातलं. अगं बाई! हा तर आमच्या पेटीतला वास!

"अहो, ही कशात गुंडाळली होती?"

"माझ्या स्वेटरात. वाटेत ओल लागू नये म्हणून."

"डांबराच्या गोळ्यांत मुरलेल्या? कॉफीशेजारी कांदासुद्धा ठेवू देत नाही तुम्ही मला!"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! बाई मात्र खो खो हसत सुटल्या.

"बाकीचा माल कुठाय?"

बाहेर टेम्पोत होता. नाही म्हणाल्या तर परस्पर व्यापाऱ्याकडे न्यायचा, असं ठरलं होतं. बाईंनी स्वतः गोण्यांत परखीची टोकदार नळी खुपसून दाणे काढले, भाजले, गार केले, दळले, वर उकळतं पाणी ओतलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. हे भिंतीकडे तोंड करून उभे.

फुर्र. बाई थांबल्या. पुन्हा फुर्र, आणि या वेळी गिळली.

"उतरवा गोण्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या."

जीव भांड्यात पडला! ह्यांनी तिथूनच चुलतभावाला फोन लावला. "दादा, दुसरा माणूस बघ. नाही रे, रागावलो नाही. बाग आहे ना माझी."

मला रडूच कोसळलं.

"आता कशाला रडतेस?"

"तुमची बॅग भरून ठेवलीय मी. एकेक कपडा घालताना जीव तुटत होता माझा, तुम्हाला काय कळणार! आता उपसायची कुणी ती?"

"मी उपसतो," हे म्हणाले आणि गोणी खांद्यावर घ्यायला खाली वाकले.