एकशे सतरा नंबरच्या घरातला माणूस

"ताई, हा मुलगा मला हवाय," डॉक्टर मॅडमनी संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं. "घर नंबर एकशे सतरा. लग्न नाही, नोकरी नाही, आजारपण नाही. ओळीनं तीन फेऱ्या घरातच बसलाय आणि काम शोधतही नाही. असे बारा जण निवडलेत मी. हा त्यातला सगळ्यात पक्का."

प्रश्नबाईंच्या हातातला कप बशीत जरा जास्तच वाजला.

"भेटून काय करणार?" त्यांनी विचारलं.

"बोलणार. दिवसभर काय करतो, कधी उठतो, मनात काय येतं. नुसत्या आकड्यांतून माणूस कुठं कळतो? उद्याच जाऊ या. तुमच्या ओळखीचं घर आहे ना?"

ओळखीचं तर होतंच. पंधरा वर्षांच्या ओळखीचं.

प्रश्नबाई हे नाव त्यांना लोकांनीच ठेवलं होतं. माणसांच्या घरात काय चाललंय, याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत त्या कामाला होत्या. कोण कामाला जातं, कोण घर सोडतं, म्हाताऱ्यांना कोण बघतं, असं सगळं. दर तीन वर्षांनी एक फेरी, त्याच पाचशे घरांची दारं वाजवायची आणि तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचे. उत्तर काहीही आलं तरी चेहऱ्यावरची रेघ हलता कामा नये. एकदा एक गृहस्थ भर घरात म्हणाले, "हो, बायकोवर हात उचलतो मी," तेव्हा प्रश्नबाईंनी शांतपणे विचारलं होतं, "क्वचित, कधी कधी, की नेहमी?" बाहेर आल्यावर मात्र जिन्यात बसून रडल्या होत्या. चोवीस वर्षं त्या हे काम करत होत्या. डॉक्टर मॅडम म्हणजे तापाच्या डॉक्टर नव्हेत, समाजाच्या. हुशार, कष्टाळू, मनानं चांगल्या, आणि वयानं प्रश्नबाईंच्या नोकरीपेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठ्या.

एकशे सतरा नंबरच्या घरात एक शिवणवाली मावशी राहायची. लोकांचे कपडे आखूड करून, उसवून, पुन्हा शिवून देणारी. नवरा आधीच गेलेला, एकच मुलगा. पहिल्या फेरीला त्यानंच दार उघडलं होतं. दुसऱ्या फेरीला तो कामासाठी दुसऱ्या गावी गेला होता, आठवड्याला फोन करायचा. तिसऱ्या फेरीपर्यंत फोन थांबले होते. तो कामाला होता त्या गावाला जाऊन मावशी दोनदा शोधून आल्या, पोलिसांत कळवून झालं, पण काही ठावठिकाणा लागला नाही.

संस्थेच्या कागदावर मागच्या फेरीतली माणसांची नावं आधीच छापून यायची. प्रत्येक नावापुढे तीन चौकटी. इथे राहतात, तात्पुरते बाहेर, कायमचे सोडून गेले. दोनदा 'तात्पुरते बाहेर' झालं की तिसऱ्यांदा शेवटच्या चौकटीत खूण करायची, असा नियम होता. आणि त्या चौकटीत गेलेलं नाव पुढच्या फेरीला छापून येत नसे.

चौथ्या फेरीला प्रश्नबाई पेन उघडून बसल्या, तेव्हा मावशींनी त्यांचं मनगटच धरलं.

"बाई, त्या शेवटच्यात नका घालू हो त्याला. शेजारीपाजारी, माझा सख्खा भाऊ, सगळ्यांनी त्याचं नाव काढायचं सोडलंय. मला वाईट वाटेल म्हणून. तुम्ही तीन वर्षांनी का होईना, नाव घेऊन विचारता तरी. तेवढं राहू दे."

नाकासमोर चालणाऱ्या प्रश्नबाईंनी त्या दिवशी पहिल्या चौकटीत खूण केली. इथे राहतात. पण कागदावर माणूस राहायला आला म्हणजे त्याच्याबद्दलचे तीस प्रश्न आलेच. नोकरी? नाही. लग्न? नाही. गेल्या वर्षात आजारी? नाही. बिचाऱ्याला त्यांनी साधी सर्दीसुद्धा होऊ दिली नाही. नंतरच्या दोन फेऱ्यांतही तेच. आणि आता हा कधी न शिंकलेला मुलगा मॅडमच्या अभ्यासातला सगळ्यात पक्का तरुण होऊन बसला होता.

तिथल्या तिथं सांगून टाकायला हवं होतं. पण एक कागद खोटा निघाला की तो भरणाऱ्याचं त्या फेरीतलं सगळं काम बाद होतं. तीन फेऱ्या, प्रत्येकीतली त्यांच्या वाट्याची सव्वाशे घरं. उन्हातान्हात चढलेले जिने, लोकांनी रडत दिलेली उत्तरं, सगळं रद्दीत. शिवाय 'प्रश्नबाईंचा कागद तपासायची गरज नाही' हे संस्थेतलं वाक्य. दुसरं होतं काय त्यांच्याजवळ? भावाच्या घरी राहायच्या, भावजय वागायला बरी होती, पण त्या घराचा कागद कुणी भरला असता तर यांचं नाव सगळ्यात खाली, 'इतर नातेवाईक' म्हणून आलं असतं. प्रश्नबाई मूग गिळून बसल्या.

रात्री जेवताना भावजय म्हणाली, "वन्सं, भाजीत मीठ जास्त झालंय का?"

"नाही गं. का?"

"मग घास का अडकतोय?"

खोट्याच्या कपाळी गोटा, असं त्यांची आई म्हणायची. सकाळी लवकर जाऊन मावशींना सावध करावं, असं त्यांनी ठरवलं. पण मॅडम त्यांच्याही आधी दारात गाडी घेऊन हजर. मग वाटेत दुसरा बेत शिजला. मुलगा आज बाहेरगावी गेलाय, असं आपणच पुढं होऊन सांगायचं. एक दिवस तर टळेल.

मावशी खिडकीशी मशीनवर एक पडदा शिवत होत्या. प्रश्नबाईंना बघून हसल्या. "अगं बाई, तीन वर्षं इतक्यात झाली? आत्ताच तर येऊन गेलात."

प्रश्नबाई तोंड उघडणार, तोच मॅडम पुढं झाल्या. दोन्ही हात जोडून अगदी मायेनं म्हणाल्या, "मावशी, मी तुमच्या मुलासाठी आलेय."

मशीन थांबलं.

मावशी उठून उभ्या राहिल्या. मांडीवरचा पडदा जमिनीवर घसरला. "सापडला?"

मॅडमना काही कळेना.

"कुठं आहे? बरा आहे ना?" मावशींचा आवाज चढत गेला. "मला वाटायचंच! एवढी घरं फिरता तुम्ही, एवढे कागद लिहिता, कुठल्या तरी घरात तुम्हाला भेटणारच तो. मी कुणाला बोलले नाही, पण मला वाटायचंच." त्या कोपऱ्यात चपला शोधायला लागल्या. "चला. पडदा राहू दे. त्या बाईंना सांगेन उद्या देते म्हणून. लांब आहे का?"

बाहेरगावी गेलाय, हे शब्द प्रश्नबाईंच्या ओठांवर तयार होते. ते तिथंच मेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मावशींना अहो-जाहो न करता त्या नुसतंच म्हणाल्या, "अगं, थांब."

मावशी थांबल्या. एका पायात चप्पल होती.

"सापडला नाही गं तो. तू म्हणालीस म्हणून मी कागदावर लिहीत गेले, इथं राहतो म्हणून. मॅडमना ते खरं वाटलं. त्या इथं त्यालाच भेटायला आल्या."

मावशी मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या आणि पायातली ती एक चप्पल काढायचंही विसरून गेल्या. या बाईला आपण तीन फेऱ्या नुसती खोटी आशा देत होतो हे प्रश्नबाईंना आत्ता कळलं, आणि आपण खोटी भरलेल्या त्या एका चौकटीची त्यांना भयंकर लाज वाटली.

मॅडम त्यांना हळूच जिन्यात घेऊन आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "ताई, तुम्ही? मला हे वर कळवावं लागेल."

"कळवा."

"तीन फेऱ्या जातील हो तुमच्या."

"माहीत आहे. तो नियम नवीन मुलींना मीच शिकवते."

"मला काल का नाही सांगितलंत? मी त्यांच्यासमोर असं..." मॅडम तिथंच पायरीवर बसल्या. प्रश्नबाईंनी पिशवीतून एकशे सतरा नंबरचा कागद काढला. खोटा कागद ज्यानं भरला त्यानंच तो त्या घरी जाऊन नीट करायचा असतो. त्या एकट्या आत गेल्या.

मावशींच्या समोर जमिनीवर बसून त्यांनी ठरलेल्या शब्दांत विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत ही व्यक्ती या घरात राहत होती का?"

"नाही."

"परत येण्याची अपेक्षा आहे का?"

मावशींनी हात पुढं केला. प्रश्नबाईंनी कागद दिला. उत्तर देणाऱ्याला कागद दाखवायचा नसतो, पण आता कसले नियम. मावशींना वाचता फारसं येत नव्हतं, मापं घेऊन घेऊन आकडे तेवढे पाठ होते. मुलाच्या नावापुढच्या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय, एकतीस?"

"वय. दर फेरीला आपोआप पुढं जातं ते."

"एकतीस," मावशी म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांपुढं एकोणिसाचाच आहे बघा. बॅग घेऊन त्या वळणावर गेला तेवढाच." मग बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. "एकतीस म्हणजे पुढचे केस गेले असतील. त्याच्या वडिलांचे तिशीतच गेले होते. अंगानंही भरला असेल."

बाहेर जिन्यात कुणीतरी वर चढत गेलं. पावलं दारापुढून जाईपर्यंत दोघींचं लक्ष दाराकडे होतं.

"मग बाई," मावशींनी विचारलं, "उद्या रस्त्यात समोरून आला, तर मी ओळखणार कशी?"

प्रश्नबाईंनी पेनाला टोपण लावलं. खाली पडलेला पडदा उचलून, झटकून मावशींच्या मांडीवर ठेवला, आणि त्यांच्या पायातली ती एक चप्पल काढून भिंतीशी दुसरीजवळ ठेवली. आपला प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.