नसलेले स्वल्पविराम

छापखान्यात सगळे तिला ताई म्हणत. मालक तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, तेही ताईच म्हणत. एकतीस वर्षं ती तिथे प्रूफं वाचत होती, डोळ्यांत तेल घालून. चष्म्याचा नंबर उणे अकरा. काचा इतक्या जाड, की समोरच्याला तिचे डोळे वाटाण्याएवढे दिसत.

त्या सोमवारी संगणकावर पानं जुळवणारा डीटीपीवाला एक पान घेऊन तिच्या टेबलाशी आला. पन्नाशीचा शांत माणूस, पण आज जरा बावचळलेला.

"ताई, या पानावर तुम्ही सात स्वल्पविराम काढायला सांगितलेत."

"मग काढ ना."

"काढतो हो. पण त्यासाठी आधी ते घालावे लागतील. इथे एकही नाहीये."

ताईने पान ओढून घेतलं. पहिला स्वल्पविराम तिथेच होता, चांगला काळाभोर. तिने नजर हलवली तसा तोही हलला, पानावरून घसरला आणि थेट डीटीपीवाल्याच्या शर्टावर जाऊन बसला. पाठोपाठ आणखी चार-पाच आले.

"अगं बाई, हे तर तुझ्या शर्टावर आहेत!" म्हणत ती खो-खो हसली.

तो मात्र हसला नाही. "टेबलावरची ट्यूब लुकलुकते म्हणत होतात, ती अजून लुकलुकते का?"

"लुकलुकते की. डाव्या बाजूला, कोपऱ्यात."

"मी दोनदा बदलली ताई. ट्यूब अगदी ठणठणीत आहे. तुम्ही डोळे दाखवून या."

"गुरुवारी पुस्तक छपाईला गेलं, की जाते."

पण जेवणाच्या सुट्टीनंतर तिने उजव्या डोळ्यावर सहज हात धरला. डाव्या डोळ्याला पानाच्या शेवटच्या चार ओळी दिसतच नव्हत्या. खालून एक करडी सावली वर चढत होती, हौदात पाणी चढावं तशी. डाग तिने चालवून घेतले असते, पण ओळी गाळलेल्या तिला कधीच खपल्या नव्हत्या. तिने पिशवी उचलली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून तिच्या बाहुल्या मोठ्या केल्या. मग तिला आडवं झोपवून, कपाळावर दिवा बांधून, बराच वेळ आत पाहिलं.

"डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय," त्या म्हणाल्या. "डोळ्यात आत एक घट्ट पाणीदार गर असतो. वय झालं की तो आक्रसतो आणि पडद्याला ओढतो. मोठ्या नंबरवाल्यांचा डोळा लांबट, त्यामुळे पडदा ताणून आधीच पातळ झालेला. तुमचा वरच्या बाजूला फाटलाय. त्या चिरेतून पाणी मागे शिरतंय. भिंतीत ओल शिरली की रंगाचे पापुद्रे सुटतात ना, तसं."

"पण मला काहीच दुखत नाही हो!"

"तीच तर पंचाईत आहे. पडद्याला दुखणं माहीतच नाही, म्हणून लोक दिवस घालवतात. तुमचा मधला भाग अजून चिकटलेला आहे. आपण वाचतो ते त्याच भागाने. उद्या सकाळी ऑपरेशन."

"मी गुरुवारी येणार होते," ताई पुटपुटली.

"बरं झालं, गुरुवारपर्यंत थांबला नाहीत."

ऑपरेशन भूल देऊन झालं. आतला गर काढला, चिरेभोवती लेसरने टाके घातल्यासारखं डागलं आणि पडदा दाबून ठेवायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. बुडबुडा वर चढतो आणि इथे तर चिरेसोबत डोळ्याच्या मागची, वाचायच्या भागाची भिंतही दाबायची. म्हणून हुकूम असा, की सात दिवस तोंड खाली. बसताना, झोपताना, जेवतानासुद्धा. उंचावर वायू फुगतो, म्हणून बुडबुडा असेपर्यंत विमानप्रवास बंद.

ताई भाऊ-वहिनीकडेच राहायची. वहिनीने खुर्चीपुढे टेबल, टेबलावर उशी असा थाट मांडला. पाहुण्यांची मात्र गंमत झाली. ताईचं तोंड बघायचं तर जमिनीवर उताणं पडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वहिनीने चटईच अंथरून ठेवली. डीटीपीवाला पडला, शेजारीण पडली, छापखान्याचे मालकही कोट काढून पडले आणि तिथेच त्यांना डुलकी लागली.

राहिला दादा. तो गाडी चालवायला शिकवायचा. त्याचा नंबर उणे दहा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की हे घराण्यात असू शकतं, भावाचा पडदा तपासून घ्या. दादा रोज नवी सबब सांगायचा.

चौथ्या दिवशी तो चटईवर पडला. त्याला उठायला गुडघ्यांमुळे दोन मिनिटं लागत, हे ताईला पक्कं ठाऊक होतं.

"दादा, उद्या डोळे तपासायला जायचं."

"मला शंभर पावलांवरचा खड्डा दिसतो."

"मलाही स्वल्पविराम दिसत होते. जातोस की मान वर करू?"

"अहो, हो म्हणा!" वहिनी स्वयंपाकघरातून किंचाळली.

"ही धमकी झाली!" दादा एका कोपरावर उठायचा प्रयत्न करत म्हणाला.

"मोजते तीनपर्यंत. एक..."

"जातो, बाई! जातो!"

तो गेला आणि त्याच्या उजव्या पडद्यावर कडेला एक बारीक चीर सापडली. पडदा अजून सुटलेला नव्हता. दहा मिनिटांत लेसर झालं, ऑपरेशनची गरजच पडली नाही. घरी आला तेव्हा थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यामुळे त्याने चहाच्या कपाऐवजी फुलदाणी उचलली. मग ताईच्या खुर्चीखाली येऊन पडला.

"तू धमकी दिली नसतीस, तर मी गेलो नसतो गं," तो म्हणाला.

ताईच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब थेट त्याच्या कपाळावर पडला. "औषध आहे ते," ती म्हणाली.

पुढे दादा प्रत्येक शिकाऊ चालकाला क्लच दाखवण्याआधी चष्म्याचा नंबर विचारू लागला.

ताईच्या डोळ्यातला बुडबुडा पाच आठवडे टिकला. वरून नजर मोकळी होत आली. त्याच्या पाण्यासारख्या रेषेखाली मात्र सारं हिंदकळायचं. रेषा रोज थोडी खाली सरकायची. एका सकाळी ती सापडलीच नाही. डाव्या डोळ्याला अक्षरं किंचित वाकडी दिसत होती, आणि मोतीबिंदू आता लवकर येईल असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. "येऊ दे," ताई म्हणाली, "त्याचं तेव्हा बघू."

आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच वहिनीचा हात न धरता, कठडाही न धरता, ती पाव आणायला एकटी जिना उतरली. वहिनी वरून ओरडत होती, "हळू! हळू जा!" ताई मुद्दाम शेवटची पायरी उडी मारून उतरली.