चार वाजताचा आकडा

बेकरीवाल्या दादांनी आयुष्यात इतकं काही चोरून खाल्लं होतं, की त्या दुपारी ते खरं बोलत होते यावर कुणाचा विश्वास बसेना.

पायाची जखम चिघळून ते दवाखान्यात पडले होते. उद्या सकाळी ऑपरेशन होतं, पण रक्तातली साखर एकशेऐंशीच्या आत राहिली तरच. पाय वाचणं त्यावर अवलंबून होतं. म्हणून हाताच्या शिरेतून इन्सुलिन चालू होतं. एक छोटा पंप ते मोजून सोडायचा, सिस्टर तासातासाला बोट टोचून साखर बघायच्या आणि आकड्याप्रमाणे पंप कमी-जास्त करायच्या. दोनला एकशेसाठ, तीनला एकशेपन्नास. बायकोचा जीव भांड्यात पडला होता.

चारला आले तीनशे शहाण्णव.

"काय खाल्लंत?" बायकोने विचारलं.

"काही नाही गं. शपथ."

"तुमच्या शपथा तीस वर्षं ऐकतेय मी!" तिने उशी उलटी केली, खण उघडला, चपलासुद्धा झटकल्या.

सिस्टर मात्र पंपाला हात न लावता उभ्या होत्या. "दादा, हा आकडा खोटा असला आणि मी डोस वाढवला, तर साखर धाडकन उतरेल. शुद्ध जाईल तुमची. हाताला काही गोड लागलं होतं का? फळबीळ सोललंत?"

दादांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अर्ध्या तासापूर्वी धाकटा भाऊ केकांची ऑर्डर अर्धवट टाकून, हात नुसते अ‍ॅप्रनला पुसून आला होता. एका भट्टीपुढे जन्म काढला दोघांनी, कचाकचा भांडले, पण हातात हात कधी घेतला नव्हता. आज बायको औषधं आणायला खाली गेली होती, तेवढ्यात त्याने दादांचा हात घट्ट धरला आणि "पाय राहील ना रे?" म्हणत हमसून हमसून रडला. जाताना म्हणाला, "वहिनीला सांगू नकोस."

"नाही. फळबीळ काही नाही," दादा छताकडे बघत म्हणाले.

धाकटा गेला कुठेच नव्हता, बाहेर बाकावर बसला होता. आतलं बोलणं ऐकून तो दारात आला. "सिस्टर, मी धरला होता दादाचा हात. पिठीसाखर चाळता चाळता उठून आलो होतो."

सिस्टरनी साबणाच्या पाण्याने दादांचा हात धुतला, कोरडा केला आणि दुसरं बोट टोचलं.

एकशे चोपन्न.

पंप होता तसाच राहिला आणि ऑपरेशनही. बायको स्टुलावर मटकन बसली.

"सांगायला काय झालं होतं तुम्हाला? जिवावर बेतलं असतं!"

"तो रडला होता गं," दादा हळूच म्हणाले. "सांगू नकोस म्हणाला."

"म्हणून माझ्या शिव्या खाल्ल्यात?"

"तेवढंच खाल्लं आज."

तिला हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. दारातला धाकटा कान लाल करून जमिनीकडे बघत होता. तिने साबणाची वडी उचलून त्याच्या हातावर ठेवली.

"जा, हात धुऊन या भाऊजी. आणि मग बसा त्यांचा हात धरून, खुशाल बसा. मी बाहेर थांबते."