खिडकीतली धाकटी

वाळवंटात पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा सगळ्यांत सुखी कोण झालं असेल, तर ती सून. त्याआधी सासूबाईंच्या खाटेवरून एकच गोष्ट दिसायची, स्वयंपाकघर. गुडघे गेल्यापासून सासूबाईंचा मुक्काम खाटेवर आणि त्यांच्या तोंडाचा मुक्काम सुनेवर. मग मुलाला चक्क्यांच्या देखभालीचं काम लागलं, कंपनीचं घर मिळालं, आणि त्या घरात खाटेला खिडकी मिळाली. खिडकीत पिवळी वाळू, आणि वाळूवर पांढऱ्याशुभ्र चक्क्या, संथपणे पाती फिरवत.

दोन दिवस सासूबाई मूग गिळून बघत राहिल्या. मग त्यांनी नाती लावली. पुढची ती थोरली, तिच्यामागे मधली, टेकाडावरच्या दोघी नणंदा. आणि डाव्या कोपऱ्यात, रांग सोडून, बिघाडामुळे कधीच न फिरणारी, ती धाकटी.

"सगळ्या राबताहेत आणि ही बघा. हात वर करून उभी."

तेव्हापासून सकाळचा पहिला उद्धार धाकटीचा. सून चहात साखर विसरली तरी सासूबाई म्हणायच्या, "असू दे गं, तू निदान हलतेस तरी." सून मनातल्या मनात धाकटीला हात जोडायची.

एका संध्याकाळी नवऱ्याने बूट काढता काढता बातमी दिली. "उद्या सरकारच्या देखावा खात्याचे साहेब येताहेत. वाळवंटाची शोभा बिघडवणारी चक्की उतरवायची म्हणतात. कोपऱ्यातली."

"धाकटी?"

"फिरत नाही, रांगेत नाही. कंपनी कशाला भांडेल तिच्यासाठी?"

धाकटी गेली की तोफेचं तोंड पुन्हा स्वयंपाकघराकडे वळणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

साहेब आले ते नियम घेऊनच. देखावा जिथून रोज बघितला जातो, तिथूनच तपासायचा. वस्तीत इतरांनी कंटाळून केव्हाच पडदे लावले होते. रोज बघणारं माणूस एकच, आणि ते खाटेवर.

"आजी, जरा उठता का? मला तुमच्या जागेवरून बघायचंय."

"माझी जागा गुडघ्यांनी दिलीय, सोडता येत नाही. बघायचं तर शेजारी या."

साहेबांनी क्षणभर नियम आठवला, बूट काढले, आणि कोट सांभाळत खाटेच्या कडेला आडवे झाले.

"मान डावीकडे," सासूबाई म्हणाल्या. "अजून. हां. ही थोरली, ही मधली. आणि ती बघा आमची महामाया."

साहेब बघत राहिले. बराच वेळ. सुनेने आणलेला चहा त्यांच्या उशाशी निवला.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "ती गेली तर या खिडकीत बघायला काय उरेल?"

"तेच बघतोय, बाई. बाकीच्यांवर डोळा ठरत नाही, घसरतो. हिच्यावर ठरतो. सबंध वाळवंट हिनेच धरून ठेवलंय." साहेब उठून बसले. "चक्की राहील. पण एका अटीवर. तिने फिरायचं नाही. फिरली की शोभा गेली."

सुनेचा जीव भांड्यात पडला. तो तिथे फक्त सकाळपर्यंत टिकला.

सकाळी खाटेवरून आवाजच नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

"आज धाकटीला काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? सरकारी परवानगीने बसलीय आता. तिच्या केसालाही धक्का लावता येत नाही." मग त्यांनी हळूहळू कूस बदलली आणि नजर स्वयंपाकघरावर आणून ठेवली. "चहा पाणचट झालाय. आणि चालताना पाय जरा कमी आपट."

सुनेने नवऱ्याला दारातच गाठलं. "तिला एकदा फिरवा."

"वेड लागलंय का? अट आहे. नोकरी जाईल माझी."

"अर्धाच फेरा. तुम्ही दिवसभर बाहेर असता. घरात मी असते."

नवऱ्याने बायकोकडे बघितलं, मग आईच्या खाटेकडे, आणि पाना उचलला. "ब्रेक सैल केला तर वारा ढकलेल थोडं," तो पुटपुटला.

ऊन चढल्यावर कोपऱ्यातलं एक पातं थरथरलं, खाली घसरलं, अर्ध्यावर येऊन थांबलं. सासूबाई कोपरावर उठल्या. गुडघे गेल्यापासून त्या अशा पहिल्यांदाच उठत होत्या.

"बघितलंस? इतके दिवस घसा कोरडा केला तर ढिम्म. आणि फिरू नकोस म्हटल्याबरोबर फिरली. मी म्हणत होते ना, ही बाई उलट्या खोपडीची आहे." त्यांनी उशी पाठीशी घेतली, खिडकीकडे नीट तोंड केलं, आणि हाताला लागलेला कप उचलून एक घोट घेतला.

"चहा आज छान केलास गं."

चहा सकाळचाच होता. सुनेने त्यांच्या हातातला कप घेतला आणि पाय न वाजवता आत गेली.